महिपत तांडेलाच्या टाकीला हात लावण्याआधी वाचायचं मृत्युपत्र

तर बाबा, आपलं परवाचं भांडण फोनवर अर्धं राहिलं. "तीस वर्षं टाक्या जोडतोय मी, आता तू मला शिकव," म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. दर वेळी हेच. मी वेल्डिंगच्या हेल्मेटचं नाव काढलं की फोन आईकडे. म्हणून या वेळी कागदावर लिहितोय. कागदाचा फोटो माझ्या बहिणीच्या, सानिकाच्या फोनवर येईल, तो तिने मोठ्याने वाचावा, कारण बाबांना बारीक अक्षर दिसत नाही आणि ते दिव्याला दोष देतात.

मी, नितेश भागोजी डिंगणकर, वय सव्वीस, राहणार अंजनवेल, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम कच्छच्या किनाऱ्यावरचं एक यार्ड, शिक्षण नववी (दोन वेळा), धंदा वेल्डिंग, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. गेल्या रविवारी नव्हतं, ते पुढे येईलच. मी प्यायलेलो नाही आणि मला कोणी दमात घेतलेलं नाही. आमच्या यार्डातले सेफ्टीचे हरिश्चंद्र साहेब फक्त एवढं म्हणाले, "डिंगणकर, फॉर्मवर वारसाचं नाव लिही बाबा, तुझं काही खरं नाही." फॉर्ममध्ये वारसाला एकच ओळ होती. माझी इस्टेट मोठी, म्हणून वेगळा कागद घेतला.

एक. घर माझ्या नावावर नाही. पण पडवीच्या खिडकीची ग्रिल माझ्या हातची आहे. सतराव्या वर्षी केली, त्यातला मोर डोकं खाली पाय वर बसला, आणि बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, त्येला दाणे टिपायला बरं." ती ग्रिल माझ्यामागे कोणी सुलटी करू नये. मी जगात येऊन गेल्याचा तेवढाच पुरावा आहे.

दोन. मागच्या कातळावर खड्डा फोडून मी लावलेलं हापूसचं कलम. सात वर्षांत एक आंबा आला, तो वानराने नेला. झाड मी वानराच्या नावे करतो. ताबा त्याच्याकडे आहेच.

तीन. मोबाइल सानिकाला. कॅमेरा उत्तम चालतो. आठवडाभर 'कॅमेरा बिघडलाय' म्हणत होतो ते खोटं होतं. आईला वाटलं मी इकडे कोणी बाई ठेवली. "तोंड दाखव मेल्या, कोणाला लपवतोस?" असं तीनदा विचारलंन. कोणाला नाय गो आये. भुवया लपवत होतो. मला भुवया नाहीत. उजव्या बाजूचे कपाळावरचे केसही नाहीत. सानिका, लग्नासाठी माझा फोटो पाठवायचा असेल तर सध्या जुनाच पाठव.

आता हे कसं झालं ते बाबांनी नीट ऐकावं. फोन असता तर इथे तुम्ही तो आईला दिला असता.

आमच्या खोलीवर पाणी एक दिवसाआड येतं. मी म्हटलं, एक पिंप आणू, झाकण कापू, पाणी भरू. पंपावरून डिझेलचं रिकामं पिंप आणलं. मग अगदी तुमच्या पद्धतीने: साबणाची पावडर, दोन बादल्या कढत पाणी, दोन दिवस उन्हात उपडं, आणि शेवटी नाक आत घालून तपासणी. वास नव्हता. म्हणजे साबणाचा होता, पण मला तो स्वच्छतेचा वाटला. पिंप हलायला लागलं म्हणून मी माझ्या खोलीतल्या दीपकला, अलोऱ्याचा आहे तो, म्हटलं, "जरा वर बस रे, दाबून धर." तो बसला. मी ग्राइंडर हातात घेतला. तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. तो उठून दाराशी गेला, जेवलास काय, हो जेवलो, एवढं बोलणं चाललेलं, आणि मी ग्राइंडर लावला.

झाकण बाभळीवर सापडलं. ज्या वाटेने गेलं त्या वाटेवर आधी दीपक बसलेला होता.

मी जमिनीवर बसून हसत होतो म्हणे. मला आठवत नाही. हरिश्चंद्र साहेब धावत आले आणि आधी माझी बोटं मोजली. मग आठ दिवसांचं काम काढून घेतलं. मग दुसऱ्या दिवशी सगळ्या कामगारांसमोर मला उभं करून माझ्या कपाळाकडे पट्टी दाखवत शिकवलं, शाळेत नकाशा दाखवतात तसं. नववीत दोन वर्षं काढली, पण फळ्याच्या बाजूला उभं राहायचा मान तिथे मिळाला नव्हता. ते म्हणाले, डिझेल शिवणीत आणि गंजाच्या पापुद्र्यांत बसून राहतं. थंड असेपर्यंत नाकाला कळत नाही. पत्रा तापला की वाफ होऊन बाहेर येतं, आणि रिकाम्या टाकीत त्या वाफेला हवाच हवा, मग एक ठिणगी पुरते. नाक हे तपासायचं हत्यार नाही. त्याला वेगळं यंत्र असतं, टाकी आधी वाफेवर धुवावी लागते, आणि एवढं करूनही ते काम ज्याला माहीत आहे त्यानेच करायचं.

बाबा, मी तुमच्याकडून शिकलो तेच केलं. चूक तुमची म्हणत नाही. पिंप माझं, ग्राइंडर माझा, अक्कल माझी.

चार. हत्यारं. ग्राइंडर दीपकला, नको म्हणाला तरी. आपोआप काळी होणारी काच असलेलं माझं हेल्मेट आणि कातडी हातमोजे बाबांना. अट अशी की हेल्मेट डोक्यावर घालायचं, दुकानात खिळ्याला टांगून गिऱ्हाइकांना "पोरगा कंपनीत हाय" म्हणून दाखवायचं नाही. बाबा वेल्डिंगला लावतात तो जत्रेतला काळा चष्मा आईने चुलीत घालावा. लहानपणी रात्री तुमच्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायचं काम माझं होतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय, म्हणायचात, आणि चकत्या गरम झाल्या की मी बदलायचो. मला बरीच वर्षं वाटायचं की सगळ्यांचेच बाबा डोळ्यांवर बटाटे ठेवून झोपतात. त्याच बटाट्यांची सकाळी भाजी होत नव्हती, असं आई अजून शपथेवर सांगते.

पाच. जुनी भांडणं. मी पहिल्यांदा हेल्मेट घालून जेटीवर आलो तेव्हा महिपत तांडेल सगळ्यांसमोर म्हणाला, "नवरदेव आला, अक्षता आणा रे." ते मी आज माफ करतो. त्याची डिझेलची टाकी माफ करत नाही.

एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठून होड्या सुटणार, महिपतच्या होडीची टाकी गळते, आणि तुम्ही गुरुवारी ती जोडायचा शब्द दिलाय, असं आई म्हणाली. पाऊस उघडलाय म्हणून साबणाने धुऊन अंगणात उन्हाला ठेवलीय असंही म्हणाली. ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. पिंपावरून वेळेत उठणारा दीपक होता. तुम्ही टाकीवर स्वतःच वाकणार, आणि पत्रा हलू नये म्हणून आई धरून उभी राहणार. तिला त्या वेळी कोणाचा फोन येणार?

तुम्हाला महिपतला नाही म्हणता येणार नाही, ते मला ठाऊक आहे. म्हणून म्हणूच नका. नवा पत्रा आणून नवी टाकी करून द्या. मजुरी तीच घ्या, वर पत्र्याचे पैसे त्याच्याकडे मागू नका. जुनी टाकी भंगारात, आणि भंगारवाल्यालाही सांगा की कापू नकोस. महिपतने विचारलं तर म्हणा, पोरगा खुळा आहे. ते त्याला पटेल.

सहा. बचत. मोटारसायकलसाठी जमवत होतो. ही बचत कोणाला द्यावी यावर मी दोन दिवस विचार केला. आता वाटणीचा प्रश्न उरला नाही.

मृत्युपत्र माझं असलं तरी घाई बाबांना झालेली दिसते, म्हणून ते माझ्या मरणासाठी न थांबता वाचल्याबरोबर लागू करावं. गुरुवारच्या आत.

लिहून देणार: नितेश भागोजी डिंगणकर (सही शाळेतलीच आहे, हसू नये)

साक्षीदार:
१. हरिश्चंद्र पेडणेकर, सेफ्टी. "वाचलं. शुद्धलेखन सोडून सर्व बरोबर आहे."
२. दीपक शिगवण, अलोरे, तालुका चिपळूण. "त्या वेळी मी दाराशी होतो."

ठिकाण: खोली क्रमांक अकरा, यार्डाची वसाहत, कच्छ
तारीख: २० जुलै २०२५, रविवार

सानिकाच्या खात्यावर आज पाठवलेली रक्कम, नव्या टाकीचा पत्रा आणि चिपळूणहून टेम्पोचं भाडं धरून: एकोणीस हजार सहाशे रुपये.