घरात कळलावी

१२ मे

ट्रे आणला घरी! रिक्षात मांडीवर धरून. रस्ता रुंदीकरणात लॅबचं नेटहाउस गेलं. नवं होईपर्यंत मॅडमनी रोपं सगळ्यांना वाटून दिली. माझ्या वाट्याला कळलावी. टिश्यू कल्चरच्या बाटलीतून नुकतीच मातीत आलेली — पानं नाजूक, सावली आणि ओल हवी, ऊन अजिबात नाही.

ज्या टेकडीवरून मूळ झाड आणलं ती आता खडीची खाण आहे. गाउटच्या औषधाचं द्रव्य याच वाणात सर्वांत जास्त मिळालं होतं. बाटल्यांत राखलेला वाण मार्चमध्ये बुरशीनं गेला. म्हणजे उरलंय ते एवढंच, माझ्या बाल्कनीत.

सासूबाईंनी झाडाचं नाव विचारलं. मग म्हणाल्या, "कळलावी? घरात?" मी व्याख्यानच दिलं — कळ म्हणजे भांडणाची नव्हे, बाळंतपणाची, सुइणी हिचा कंद वापरायच्या. त्यांनी ऐकून घेतलं. "तुझं शिक्षण, तू जाण," म्हणाल्या. मी मनात हसले.

१५ मे

ऋतानं जेवताना जाहीर केलं — बी.कॉम. झालं, आता एम.बी.ए. करायचं नाही. भैरवगढला कापडावरची छपाई शिकायचीय. शैलेंद्र भडकला. "ठप्पे मारायला शिकवलं का तुला एवढं?"

"तुम्ही बँकेत दुसरं काय करता, बाबा?"

मला हसू आलं. आवरायला हवं होतं. तो ताटावरून उठला.

१७ मे

ऋता इंदूरला मैत्रिणीकडे निघून गेली. माझा फोन उचलत नाही. शैलेंद्र म्हणतो, तू हसलीस म्हणून ती चढली. त्यावरून आमचं दोघांचं वेगळंच जुंपलं. त्याच्या बदलीपासून माझ्या नोकरीपर्यंत सगळं निघालं. पंचवीस वर्षांत असं बोललो नव्हतो.

सासूबाई झाडाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. बाल्कनीकडे मीच बघते सारखी.

१८ मे

एम.एस्सी. बॉटनी. असं काही नसतं.

१९ मे

सकाळी ट्रे छतावर ठेवून लॅबला गेले. रोपांना जरा मोकळी हवा मिळावी म्हणून.

२० मे

कालची शेवटची ओळ खोटी आहे. इथंही खोटं! ही वही कोण वाचणार आहे?

मे महिन्यात आमचं छत काय करतं ते मला ठाऊक होतं. बाटलीतलं रोप ऊन सोसत नाही, हे लॅबमध्ये नव्या मुलींना मीच शिकवते. काल संध्याकाळी वर गेले तर पानं कागदासारखी. कंद मण्याएवढे — तेही शिजलेले.

आणि ऋता कालच परतली! बापलेक कुल्फी खायला गेले. क्षणभर वाटलं — बघ! मेलेल्या रोपांपेक्षा त्या 'बघ'ची लाज जास्त वाटते.

आज मानसीनं, आमच्या ज्युनिअरनं, ट्रेचं विचारलं. तोंडातून निघून गेलं — सासूबाई नावाला घाबरल्या, त्यांनी उन्हात ठेवला. कुणाला शंकासुद्धा आली नाही. "बुज़ुर्गों को क्या कहें," मॅडम म्हणाल्या. माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायले.

२३ मे

मॅडम आणि मानसी घरी आल्या. एखादा कंद जिवंत आहे का बघायला. एकही नाही. मानसीनं सासूबाईंना चिडवलं, "दादी, एक पौधे से इतना डर गईं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेकडे.

"हाँ बेटा," त्या म्हणाल्या. "पुराने लोग हैं हम." आणि पन्हं आणायला आत गेल्या.

निघताना जिन्यात मानसी हळूच म्हणाली, दीदी, आप निभाती कैसे हैं इनके साथ! मी हसले. तेव्हाही हसलेच.

२५ मे

मॅडमना खरं सांगितलं. मानसीसमोर.  मॅडमनी विचारलं, "गोल्ड मेडल है न आपका?" टोमणा नव्हता. खरंच आठवत नव्हतं त्यांना.

मी हो म्हणाले.

त्या म्हणाल्या, वाण गेला तो गेला. पण तुमच्या सासूबाईंना मी इथं सगळ्यांसमोर नावं ठेवली, त्याचं काय करू? मानसी मान खाली घालून बाटल्या पुसत होती.

घरी सांगायचं राहिलंय. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले.

२६ मे

सासूबाईंची माफी मागितली. पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

म्हणाल्या, "तू ट्रे घेऊन जिना चढलीस ते मी पाहिलं होतं. दिवसभर घरी मीच होते. पापड उलटायला दोनदा वर गेले. खाली आणला नाही. ऋता परत यायला हवी होती ना."