पुण्याहून आलेले अठरा रंग

८ जानेवारी, बुधवार
दुपारीं कुरियरवाला पेटी देऊन गेला. अंबीच्या होणाऱ्या सासूनें पुण्याहून धाडली. (पुढें पु.बा. लिहितें, म्हणजे पुण्याच्या बाई. लांबवायला वेळ नाही.) आंत पापण्यांवर लावायचे रंग, अठरा. झाकणाला आरसा. चिठ्ठी: "अंबिकाने साखरपुड्याला हेच लावावं. छान उजळ दिसेल."
उजळ.
निश्चय, त्यांचा साखरपुडा, ९ फेब्रु.ला. अंबी बँकेतून आली, पेटी उघडून म्हणाली, महाग दिसते. मी म्हटलें, महाग वेगळें, बरें वेगळें. बावीस वर्षें मी ह्या कुंभकोणांत नवऱ्यामुली नटवतें, नाचाच्या पोरींचीं तोंडें रंगवतें. डबा बघून भुलत नाही.

९ जाने.
सकाळीं खिडकीशीं बसून अठराही रंग हातावर ओढले. माझा हात आणि अंबीचा हात एका रंगाचे, भाजल्या कॉफीच्या बियांचे. परीक्षा खरी झाली.
पहिली ओळ सहा. साय, बदाम, फिकट गुलाबी, आणिक तसलेच. एकदां ओढले तर कांहीं नाही. दोनदां ओढले तर राख. विभूती फासल्यासारखें. भुकटी उडून सगळी गालावर. खडू आहे खडू, वास घातलेला.
दुसरी ओळ चमकीची. कण मोठे, डोळ्यांत जाऊन पाणी काढतील. फिकट सोनेरी तेवढा बरा, बोटाला लोण्यासारखा लागतो.
तिसरींत चिंचेच्या रंगाचा एक चांगला. काळा म्हणून दिलाय तो पाटीसारखा करडा. ब्रशाचे केस गळतात.
अठरांत दोन. वांगीं विकणारीणसुद्धां इतकीं किडकीं घालत नाही.
लावून सैंपाक करून पाहिला. सांबार उतरेपर्यंत पापणीच्या घडींत सगळें गोळा होऊन रेघ झाली. पुण्यांत घाम येत नसेल.
पहिल्या ओळीवर इंग्रजींत नांव आहे, अंबीनें वाचलें, 'न्यूड'. म्हणजे काय विचारलें. म्हणाली, अंगाचा रंग. मी विचारलें, कोणाच्या अंगाचा?
हसेल वाटलें होतें. हसली नाही.

१२ जाने., रवि.
हे म्हणाले, आवडली नाही तर पेटी कपाटांत ठेव, कोण विचारतें. ह्यांना काय. पितळेचे दिवे विकतात, दिव्याला सासू नसते.
आमच्यांत रीत आहे. मुलाकडून आलें तें निश्चयाच्या दिवशीं नवरीच्या अंगाला लागायलाच पाहिजे, आणि तें आईच्या हातानें. बांगडी घट्ट असली तर साबण लावून चढवायची. माझ्या वेळीं चपला लहान आल्या, टाच बाहेर ठेवून मांडवभर फिरलें. कोणी बोललें नाही, मीही नाही.
पु.बा.ना ही रीत ठाऊक नसेल. पण लिहून धाडलेंच, "हेच लावावं". मग रीतीपेक्षां वाईट.

१९ जाने., रवि.
तमिळ तै महिना लागला, लग्नें सुरू. आज इन्नंबूर गांवीं एक लग्न. अंबीला सुट्टी, पिना धरायला आली.
नवरी सांवळी, नाकडोळे सुरेख. तिची आई कानांत म्हणाली, अक्का, रंग दोन पायऱ्या वर घ्या. नेहमींचेंच. घेतलें. मानेपाशीं पट्टा दिसत होता तो मल्लीच्या गजऱ्यानें झांकला. सगळीं म्हणालीं, महालक्ष्मी. मीही म्हटलें. प्रत्येकीला म्हणतें.
परततांना बसमध्यें अंबी खिडकीला डोकें टेकून बसली. डोकें दुखतें काय विचारलें. नाही म्हणाली.

२३ जाने.
पु.बा.चा व्हिडिओ कॉल. आम्ही बोललों कीं त्यांना हसूं येतें. "अय्या, किती गोड जुनं बोलता हो तुम्ही, अगदी पणजी आठवली." तीनशें वर्षांमागें तुमच्याकडून निघून इकडे तमिळ मुलखांत आलों, भाषा तीच ठेवली, तुम्ही टाकली त्याला आम्ही काय करणार. तोंडावर आलें होतें. गिळलें. मुलीची आई.
पेटी आवडली काय विचारलें. आवडली म्हटलें.
मग, "एकदा लावून फोटो पाठवा हं. नातेवाईक विचारतात, मुलगी कशी आहे." फोटो आधींचे चार आहेत त्यांच्याकडे. त्यांच्या मुलानें, मंदारनें धाडलेत. ते दाखवत नसतील.

२६ जाने., रवि.
आज केलें. हें नीट लिहून ठेवतें.
खडूला जमीन पाहिजे. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलें माक्याचें काजळ आहे घरचें, तें आधीं पापणीवर बोटानें फांसलें, कडा पुसून पातळ केल्या. त्यावर फिकट सोनेरी, बोट ओलें करून, थापायचा, ओढायचा नाही. कोपऱ्यांत चिंच. बाकी सोळा रंग मिटून ठेवले. तोंडाला फक्त तिच्या रंगाचा हात.
उठून दाराशीं उजेडांत गेली आणि मी बघतच राहिलें. पारव्याची मान उन्हांत फिरते तसा रंग. जरा हिरवा, जरा तांबूस, मान हलवली कीं दुसराच. ह्या पेटींत हा रंग नाही. हा तिच्या कातड्यांतून आला.
हे दुकानांतून जेवायला आलेले, ताट सोडून उभे राहिले.
म्हणाले, "आपली अंबी काय ही?"
अंबीनें आरशांत फार वेळ पाहिलें. फोटो धाडला. पेटीचाच रंग लावलाय, रीत राहिली. मी खुशींत होतें, मूर्खासारखी.

२७ जाने.
उत्तर आलें. अंबीनें वाचून दाखवलें, आवाज न बदलतां. "छान. पण पेटीवर दिसतात तसे रंग आलेले नाहीत. आधी उजळ फाउंडेशनचा हात द्या म्हणजे खरे खुलतील. आई एवढ्या अनुभवी आहेत, त्यांना सांगायला नको."
मी भडकलें. म्हटलें, बाईला चुना फांसलेली सून पाहिजे. मांडवांत काय खांब उभा करायचाय? आणिक पुष्कळ बोललें, लिहीत नाही.
अंबी थांबली माझें होईपर्यंत. मग म्हणाली, "अम्मा, इन्नंबूरच्या पोरीला तूं काय केलेंस?"
तें काम आहे म्हटलें. लोक मागतात तें द्यावें लागतें.
"ह्याही मागतातच आहेत."
मी ओरडलें.

२८ जाने.
झोप नाही. तिरुक्करुगावूरच्या देवळांतलें तूप खाऊन नवसानें झालेली पोर. बाराव्या दिवशीं मी तिचा रंग पाहिला आणि हळद-साय घांसायला घेतली. पांच वर्षांची होईपर्यंत रोज. रडायची. शाळेच्या नाचांत माझ्याच हातानें तिला पांढरी केली, हात काळे राहिले, पोरी हसल्या. मी म्हटलें, पुढच्या वेळीं हातालाही लावूं.
हें कोणी सांगितलें नव्हतें मला. माझ्या मनानेंच.

२ फेब्रु., रवि.
मंदारचा फोन. अंबी अंगणांत बोलत होती, मी पापड उलटत होतें, तिचें सगळें ऐकूं आलें. पोरगा वाईट नाही. चेन्नईला तीन वर्षें बँकेच्या एका ऑफिसांत दोघें होतीं, तिच्यासाठीं तमिळ शिकला. पण आईपुढें तोंड उघडत नाही. तो काय म्हणाला तें तिनें फोन ठेवल्यावर सांगितलें. आई तशी आहे, मनांत कांहीं नसतें, एक दिवसाचा प्रश्न आहे, लाव ना.
"मग तूं काय म्हटलेंस?"
"विचारलें, हा एक दिवस किती दिवसांचा."
"तो?"
"म्हणाला, आलों कीं बोलूं."
मी विचारलें, मोडायचें काय. उगीच विचारलें. तिनें पापड उलटायला घेतले माझ्या हातांतून. मला तो आवडतो अम्मा, म्हणाली, तेंच तर.

५ फेब्रु.
गिऱ्हाइकाकडे गेलें नाही. मरुदानल्लूरची एक आई सांगायला आली होती, मुलीला जरा उठाव आणा. उठाव म्हणजे काय तें मला ठाऊक. म्हटलें, आहे त्या रंगांत नटवतें, नको तर दुसरी बघा. दुसरी बघतें म्हणाली. गेली.
शहाणपण बावीस वर्षांनीं आलें आणि पहिल्याच दिवशीं गिऱ्हाइक घालवलें.

८ फेब्रु., शनि.
पुण्याचीं माणसें आलीं. सतरा जण, लॉजवर. पु.बा. दिसायला गोऱ्या, पण थकलेल्या, गुडघे धरून जिना चढतात. मला वाटलें होतें तशी वाघीण नाही. फराळाला बसल्या, डाळतांदळाची अडई तीनदां मागून घेतली, कृती विचारली. तेवढ्या वेळांत मला बऱ्या वाटल्या, आणि त्याचाच राग आला.
निघतांना पर्समधून बाटली काढून माझ्या हातांत दिली. फाउंडेशन. झाकणावरचा रंग पाहिला, पिकल्या केळ्याचा.
हळूं म्हणाल्या, "राग मानू नका हो विहीणबाई. मी सावळी सून आणतेय म्हणून माझ्या जावा दोन महिने बोलतायत. एक दिवस तोंड बंद राहू दे त्यांचं."
मंदार मागेंच उभा होता. बुटाची नाडी बांधत बसला. बांधलेली होती.
अंबी पाण्याचे पेले गोळा करत होती. ऐकलें तिनें. वर पाहिलें नाही.

९ फेब्रु., रवि., सकाळ
मुहूर्त नवाचा. सहा वाजलेत. मांडवाच्या मागची खोली. बाहेर नादस्वरवाला सूर लावतोय. पाहुणे कॉफी मागतायत, हे पळतायत.
पाटावर मांडून ठेवलें सगळें. पेटी, काजळ, पु.बा.ची बाटली, माझी अंबीच्या रंगाची बाटली. अंबी न्हाऊन, लुगडें नेसून समोर बसली. तोंडाला कांहीं नाही. केस ओले.
रात्रभर ठरवून ठेवलें होतें मी. तूं म्हणशील तसें. तेंच म्हटलें तिला, तूं सांग, कोणती बाटली उघडूं. तुझी शपथ, तेंच करीन. पु.बा.ना मी बघून घेतें.
तिनें बाटल्यांकडे पाहिलेंच नाही. म्हणाली, "मंदारला काय वाटतें तें कळलें. त्याच्या आईला काय वाटतें तें लिहूनच आलेंय. तूं कधीं सांगितलें नाहीस. मी कशी दिसतें तें तूं एकदां सांग. मग लाव काय लावायचें तें."
महालक्ष्मी तोंडाशीं आलें. तें म्हटलें असतें तर उठून गेली असती. प्रत्येकीला म्हणतें तें तिला ठाऊक.
सुंदर हा शब्द मी तिच्याबद्दल कधीं उच्चारला नाही, दृष्ट लागते म्हणून, असें लोकांना सांगायचें. खरें तसें नव्हतें.
काजळ आणतें म्हणून बाहेर आलें. काजळ पाटावरच आहे. तिनें पाहिलें. कोठारांत तांदळाच्या गोणीवर बसून हें लिहितेंय.
पु.बा. दार वाजवतायत, माझें नाही, तिचें. झाली का तयारी, विचारतात. अंबी आंतून दार उघडत नाही. माझी वाट बघतेय.
उठतें. जाऊन सांगायचें आहे, सुंदर आहेस, तुझ्याच रंगांत. जोरांत सांगावें लागेल, दारांत त्या उभ्या आहेत, त्यांनाही ऐकूं जाऊं दे.