अनिश सोलून खातो

पूनम सागर, मीरा रोड
२२ फेब्रुवारी २०२६

ती. सुचेताताईस,
निकेतचा सा. न. वि. वि.

आधी कबुली. तू गेल्याला एकवीस दिवस झाले आणि हे माझं पहिलं पत्र. सुरुवात आठ-दहा वेळा केली. एकदा पेन संपलं. ते आणायला गेलो तर हाटकेशला जुना दोस्त भेटला, त्याच्या कारखान्यात लेथ मशीन बघत तीन तास कुठे गेले कळलं नाही. पण खरं कारण ते नाही. लिहायला चांगलं काही नव्हतं, आणि मी खोटं लिहिलं तर तुला पहिल्या ओळीत कळतं. रविवारच्या फोनची दहा मिनिटं तर तुम्ही मायलेकरं रडण्यातच घालवता, मी मध्ये काय बोलणार!

तुझ्या फ्रिजवरच्या वेळापत्रकाप्रमाणे पहिले दोन आठवडे वागलो, शपथ. आठला नाचणीची खीर, साडेबाराला डाळ-भात-गाजर मिक्सरमधून काढून, चारला केळं कुस्करून. अनिशने पहिल्या दिवशी तीन चमचे गिळले, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी सगळं माझ्या शर्टावर. दिपेश भाऊजी संध्याकाळी घरात शिरले की आधी वाटीकडे बघतात, मग माझ्याकडे. वजन केलं तर अकरा किलो दोनशे. तू गेलीस तेव्हापेक्षा शंभर ग्रॅम कमी. तू गाडीत बसताना म्हणाली होतीस, की याचं वजन घटलं तर वनरक्षकाची नोकरी गेली खड्ड्यात, ट्रेनिंग सोडून परत येईन. म्हणून हात चालत नव्हता.

आता चालतोय, कारण परवा एक गंमत झाली. शांती नगरच्या कोपऱ्यावर एक बाई टोपली घेऊन बसते. मी सवयीने हिंदीत भाव विचारला, तर तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, की तोंड तर मराठी दिसतंय, मग जिभेला काय झालंय. ही मंदाकाकी. राई गावची. अनिश माझ्या कडेवर रडून लाल झालेला, मोठी बहीण म्हणून सान्वी त्याला गप्प करायला आणखी मोठ्याने ओरडत होती. काकीने ओल्या हरभऱ्याची एक जुडी त्याच्या हातात कोंबली आणि मला सांगितलं, की पोराला काम न्हाय म्हणून रडतंय. मी तिला गावाकडच्या मिठागरांबद्दल विचारत बसलो. तिथे अजून मीठ पिकतं का, पांढरे ढीग कसे रचतात, तुला माझं माहीतच आहे. दहा मिनिटांनी खाली पाहतो तर फुटपाथवर साली पडल्यात आणि अनिशचं तोंड हिरवं!

टोपली रिकामी झाली तेव्हा ती उचलून मी मुलांसकट काकीबरोबर भाईंदर पश्चिमेला बसपर्यंत गेलो. राईवरून जाणारी उत्तनची बस समोर उभी होती. मग चढलोच, काय करणार.

ताई, वीस मिनिटांत केवढं बदलतं सगळं! विहीर, शेवग्याला लटकलेल्या शेंगा, लाल माठाचे वाफे, मुळ्याची पानं सान्वीच्या कमरेपर्यंत. काकीचा नवरा बाबाजी, सत्तरीचा माणूस, पण पाण्याचा पाट पायाने असा वळवतो की बघत राहावं. त्याने मुलांना बोरं दिली. काकीने मिठाच्या पाण्यात पावट्याच्या अख्ख्या शेंगा उकडून पुढ्यात ओतल्या. अनिशने मोजून चौदा शेंगा खाल्ल्या. वर कवचासकट हातात दिलेलं एक उकडलेलं अंडं. मग काकीने हौसेने आमटी-भात कालवून दिला, तो मात्र थुंकला. कशाला ते त्यालाच ठाऊक.

लोभ आहेच तुझा, शिव्या तेवढ्या कमी कर.
तुझा निकेत


प्रशिक्षण केंद्र, मुलींचं वसतिगृह
३ मार्च २०२६

चि. निकेत यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा उधार.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसले, तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचलं. हसू नकोस. इथे आमचे सर रोज पहाटे जंगलात नेतात आणि प्राण्यांची विष्ठा बघायला लावतात. बिया आहेत की केस आहेत, साल चावली आहे की टाकली आहे. ते म्हणतात, की प्राणी काय खातो एवढं विचारू नका, कसा खातो ते बघा. अस्वल आलं तर पळायला मात्र अजून शिकवलेलं नाही.

तर तुझ्या पत्रात मी खुणा केल्या. हरभऱ्याचे घाटे, पावट्याच्या शेंगा, अंडं. खाल्लं ते सगळं त्याने स्वतः सोललेलं आहे. थुंकला तो काकीने कालवलेला भात. निकेत, दोन वर्षं मी त्याच्यासाठी मिक्सर चालवतेय. त्याच्या घशात अडकेल म्हणून गाजराचा तुकडासुद्धा कधी दिसू दिला नाही. आत काय आहे ते त्याला बघायचं असेल, आणि मी सगळ्याचा लगदा करून त्याच्यापुढे ठेवत होते. हे वाईट वाटून लिहीत नाहीये. थोडं वाटतंय.

माझा अंदाज बरोबर आहे का ते बघ. आणि बघताना मिठागरात शिरू नकोस.

आमच्या केंद्राबाहेर पळस पेटल्यासारखा फुललाय, आणि सकाळी मोहाखाली गावातल्या बाया फुलं वेचायला येतात. एकीने मला ओंजळभर दिली. इतकी गोड की मला सगळ्यात आधी सान्वीच आठवली. तिला सांग, आई झाडांची नावं पाठ करतेय, एकशे दहा झाली.

जीव लाव, लावतोसच.
ताई


राई गाव, बाबाजींच्या विहिरीवरून
१५ मार्च २०२६

ती. ताईस,
नमस्कार जमिनीवर डोकं टेकून. यावेळी खरंच टेकलंय, कपाळाला माती आहे.

तू ओळखलंस! आठशे किलोमीटरवर बसून, एका पत्रावरून! मी इथे पोराच्या समोर बसून तीन आठवड्यांत जे बघितलं नाही ते तू पेन्सिलीने बघितलंस. मी काकीला वाचून दाखवलं, तर तिने गालावर बोट ठेवलं. म्हणाली, की अशी बाई जंगलात हवीच, वाघाला पन भूक लागल्याचं आधी हिला कळंल.

तपासणी केली. केळं कुस्करून दिलं तर थुंकलं. अख्खं हातात दिलं तर सोलून संपवलं. संत्रं, भुईमुगाच्या ओल्या शेंगा, उकडलेला बटाटा, सगळं गेलं. काकीने भिजवून मोड आणलेले वाल त्याच्यापुढे ठेवले. चिमटीत धरायचा, दाबायचा, आतला पांढरा दाणा टुणकन उडतो. दोघं भावंडं तासभर तेच करत होती. मग त्याच वालांचं बिरडं झालं, नारळाच्या रसातलं. स्वतः सोललेले दाणे त्यात आहेत म्हटल्यावर साहेब भाताबरोबर वाटीभर जेवले. भाऊजींना फोन केला, तर त्यांनी दोनदा विचारलं, की वाटी कुठली, मोठी की छोटी.

एक गोष्ट आहे. सोललेलं तो कुणालाच देत नाही. सान्वीने मागितलं, काकीने तोंड उघडून दाखवलं, मी लोळण घेतली. मूठ बंद. बाबाजी म्हणतो, की नवा शेतकरी हाय, पहिलं पीक घरातच ठेवनार.

आता सान्वीची शाळा सकाळचीच आहे. ती सुटली की डबा न घेता आम्ही बस पकडतो. कच्छला जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने मला सोबत चल म्हटलं होतं. त्याला सांगितलं, वालाला मोड आणायचे आहेत, जमणार नाही. तो फोनवर किती हसला!

काल अनिशने वाफ्यातून मुळा उपटला, ढुंगणावर आपटला, पण मुळा सोडला नाही. उघडा, मातीत माखलेला, मुळा कचाकचा खाताना त्याचा फोटो इतका झकास आला की घरच्या ग्रुपवर टाकला. तुला छापून पाठवतोय.

वजन अकरा-सहाशे. माया कर, आम्ही आहोत तिथेच आहोत.
निकेत


प्रशिक्षण केंद्र
२४ मार्च २०२६

चि. निकेत,
आशीर्वाद. पाडव्याचा कडुलिंब इथे थेट झाडाखाली उभं राहून खाल्ला.

फोटो बघून मी आनंदाने नाचले आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंचं पत्र आलं. ग्रुपवरून फिरत तोच फोटो शेजारच्या मुलाच्या फोनवर गेला, तिथे त्यांनी पाहिला. लिहितात, की माझा नातू भिकाऱ्याच्या पोरासारखा उघडा मातीत बसून कच्चा मुळा चावतोय, त्याला शिजवून घालायला घरात कुणी नाही, हेच का तुझं सरकारी काम. झाडं राखायला माणसं पुष्कळ आहेत, पोरं राखायला आई एकच असते. त्यांना दोष तरी कसा देऊ? सासरे लवकर गेले, त्यांनी चार मुलांना एकटीने वाढवलं, गावातल्या सगळ्यांच्या घरचे काजू सोलून. लिफ्टच्या भीतीने पाच वर्षांत आमच्या घरी आल्या नाहीत, पण पोस्टाने आंबोशी दर वर्षी येते.

त्यांच्या मनाविरुद्ध मी बारा मेला प्रशिक्षण संपल्याच्या परेडमध्ये उभी राहू शकणार नाही, निकेत. पाय हलणारच नाहीत. प्रशिक्षण सोडण्याचा अर्ज लिहून ट्रंकेत ठेवलाय. तेरा एप्रिलला मोठे साहेब येणार आहेत, तेव्हा देईन. तू वाईट वाटून घेऊ नकोस. फोटो सुंदर आहे.

मुलांच्या डोक्यावरून हात फिरव, माझा म्हणून.
ताई


पूनम सागर, मीरा रोड
२९ मार्च २०२६

ती. मावशींस,
तुमच्या सुनेचा, सुचेताचा, धाकटा भाऊ निकेत याचा शि. सा. न.

तुम्ही मला लग्नात पाहिलंय, मांडवात जेवायच्या ऐवजी जनरेटर उघडून बसलेला तो मीच. बारावी अर्धी, आयटीआय अर्धं, पत्र मात्र पूर्ण लिहितोय.

फोटो मी काढला, मी टाकला. मुळा धुतला नव्हता, माझ्या पँटला पुसला होता. जो काही राग आहे तो माझ्यावर काढा, मला सवय आहे. पण ताईला परत बोलावू नका. अनिश का खात नाही ते डॉक्टरला कळलं नाही, मला कळलं नाही, भाऊजींना कळलं नाही. ताईने लांब राहून ओळखलं, कारण तिथे तिला बघायला शिकवलं. तो फक्त स्वतः सोललेलं किंवा उपटलेलं खातो. तुम्ही आयुष्यभर काजू सोललेत असं ताईने लिहिलंय, तेव्हा तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर समजेल. त्या मुळ्यानंतर त्याने स्वतः तुकडे मोडून अर्धी भाकरीही खाल्ली होती. ते फोटोत आलं नाही.

ताईने सोडायचा अर्ज लिहून ठेवलाय. तेरा तारखेला देणार आहे. तुमच्या शब्दासाठी देणार आहे, म्हणून तुम्हाला कळवलं.

सोबत सान्वीने काढलेलं चित्र आहे. हिरवी आहे ती आई, टोपीवाली. झाडावर बसलेली तुम्ही आहात, असं ती म्हणते.

रागावा, पण एकदा उत्तर द्या.
निकेत


राई गाव
५ एप्रिल २०२६, रविवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि. अर्ज अजून ट्रंकेत आहे ना? तिथेच राहू दे. मावशींना मी पत्र टाकलंय. आठवडा झाला, उत्तर नाही. रोज खाली वॉचमनला विचारतो, तो आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

ते सोड, इथे ताडगोळे आलेत! शेजारच्या ताडाचे घड सकाळीच उतरवले. बाबाजी कोयत्याने एका घावात टोपण उडवतो आणि आत तीन डोळे थरथरतात. काढून पुढे ठेवले की अनिश अंगठ्याने त्यांची पातळ साल ओढतो. फाटलं की पाणी उडतं, त्याच्या डोळ्यात, माझ्या कागदावर. वरचा डाग तोच आहे. वजन अकरा-नऊशे. हात लावला तर आता पोट लागतं, आधी बरगडी लागायची. सान्वीने कैरीच्या फोडींना तिखट-मीठ लावून दुकान मांडलंय, गिऱ्हाईक मीच. मी खूप फिरलोय ताई, डोंगर पाहिले, वाळवंट पाहिलं. पण तुझ्या पोराच्या हनुवटीवरून ओघळणारं ताडगोळ्याचं पाणी

थांब. फाटकात कुणीतरी आलंय. नऊवारी, काखेत गाठोडं, हातात पिशवी. काकीशी भांडतेय वाटतं. बघून येतो.

ताई, तुझ्या सासूबाई आल्यात!

एकट्या. रत्नागिरीहून गाडीने आल्या, पूनम सागरच्या दारापर्यंत गेल्या, लिफ्ट बघितली आणि वॉचमनलाच विचारलं, माझी नातवंडं कुठे आहेत. त्याने राईच्या भाजीवालीकडे सांगितलं, तर त्या विचारत विचारत बसने थेट इथे. मला पाहून म्हणाल्या, की जनरेटरवाला तूच ना. मग अनिशसमोर मातीत बसल्या आणि बघत राहिल्या. तुझ्या सरांनी बघावं तसं. त्याचं एक सोलून झालं, दुसरं झालं, त्या हलल्या म्हणून नाहीत. तिसरा ताडगोळा त्याने सोलला, हातात धरला, त्यांच्याकडे पाहिलं आणि उठून त्यांच्या तोंडात घातला.

काकीच्या हातातली सुरी तशीच राहिली.

मावशींनी तो खाल्ला. पदराने तोंड पुसलं, डोळे पुसले. मग मला म्हणाल्या, की जन्मभर मीच सगळ्यांना सोलून देत आले, मला कुणी सोलून दिलेला हा पहिला घास. लगेच आवाज चढवून म्हणाल्या, की पोराची नखं कुणी कापायची, मी? पिशवीत ओले काजू आणलेत त्यांनी. अनिशच्या बोटांना तेल चोळतायत, चिकाने हात भाजू नये म्हणून, आणि सांगतायत की आधी तेल, मग काजू.

आता माझ्या खांद्यावरून वाकून विचारतायत, की ती परेड बारा मेला किती वाजता आहे, आणि तिथे उतरायच्या जागी लिफ्ट नाही ना.

अर्ज फाड, ताई. त्यांनी सांगितलंय, आणि वर माझ्याकडून लिहूनही घेतलंय.

आमच्या सगळ्यांकडून, तेलकट हातांनी,
निकेत