मराठीचा रकाना

आखातातलं अझैबा, गुरुवार संध्याकाळ, ऑक्टोबर २०१६

इराचा पॅरिसहून फोन. तिथल्या तिच्या बड्या विद्यापीठात प्रत्येकाला आपल्याला येणाऱ्या भाषांचा तक्ता भरायचा असतो. चारपेक्षा कमी भाषा येणारं वर्गात कोणी नाहीच म्हणे. आमच्या लेकीनेही इंग्रजी, फ्रेंच, अरबी, स्पॅनिश ऐटीत भरलं. मराठीचा रकाना रिकामा.

"बाबा, खोटं कसं लिहू? बोलते थोडं, पण वाचायला कुठे येतं मला?"

आणि हे मराठीत लिहून जगाला टोमणे मारणाऱ्या माझ्या लेकीचं! सुमाने संधी सोडली नाही. "शाळेत मागे पडेल, घरात इंग्रजीच बोला, हा फतवा कोणाचा होता हो?"

माझाच. म्हणजे तो रकाना मीच रिकामा ठेवलाय.

ही रोजनिशी मी कधी कुलपात ठेवली नाही. बायकोला माझं अक्षर लागत नाही, मुलीला लिपी.

फोन ठेवताना इरा म्हणाली, "'शिकतेय' असं लिहू? मग तू हाताने लिहिलेलं एक पान पाठव."

"इन्शाल्ला."

"तुझं 'बघू'वालं इन्शाल्ला नको. यल्ला, चल, आजच!"

तर हेच पान पाठवतो. म्हणून आज अक्षर जरा सुवाच्य. फतव्याच्या ओळीपर्यंत पोचायला तिला आठवडा लागेल. तेवढा वेळ मलाही हवाय.