चोवीस पुस्तकांची फुशारकी

१५ जानेवारी
काल मेघनाकडे हळदीकुंकू. नाशिकची पोरगी, आयटीत आहे, दोन वर्षं झाली इकडे हिंदी मुलखात, आमच्या वरच्या मजल्यावर राहायला येऊन. वाणात सगळ्या वाट्या नाहीतर डबे देतात, हिने पुस्तकं वाटली. मराठी. म्हणाली, "वर्षभरात प्रत्येकीने बारा वाचायची. चैत्रात भेटू तेव्हा कुठवर आलं ते सांगायचं." मग माझ्याकडे बघून, "काकू, इकडच्यांना मराठी वाचायची सवय असते का हो?"
बस्स, सटकलीच माझी. "बारा? मी तर चोवीस वाचणार!"
घरी सांगितलं तर शिरीष, म्हणजे आमचे हे, इतके हसले की चहा सांडला. "अगं, तुझी शाळा-कॉलेज सगळं हिंदीत. मराठी पुस्तक एक तरी पुरं वाचलंस का आजवर?"
नाही वाचलं. म्हणून काय सगळ्यांसमोर सांगायचं?

२२ जाने.
वाणाचं पुस्तक काढलं. दोन भावांची कादंबरी, २१० पानं. पहिल्या पानाला वीस मिनिटं! अक्षरं तीच, दिवसभर बोलते मी मराठीच. पण पुस्तकातली मराठी म्हणजे नवीन सासर, सगळ्यांची नावं माहीत पण बसायचं कुठे कळत नाही. तिसऱ्या पानावर सोडलं. चोवीस म्हणे. क्या ज़रूरत थी बोलने की.

९ फेब्रु.
सियागंजच्या बाजारात हिंग, साबण घेतला. येताना खजूरी बाजारातली पुस्तकांची दुकानं. तिथे त्याच कादंबरीचा हिंदी अनुवाद! दोन दिवसांत फडशा. शेवटी रडले पण. डायरीच्या मागे लिहून टाकलं, १. कुणाला काय कळतंय.

१ मार्च
असेच अजून तीन अनुवाद. एकूण ४. शि. म्हणाले, "हे मराठीत धरायचं?" म्हटलं, गोष्ट तर मराठीच आहे ना! मज्जेत चाललंय.

५ एप्रिल
चैत्राचं हळदीकुंकू, स्नेहलतागंजला सुधाताईंकडे (थोरली नणंद). आंब्याची डाळ फर्मास. मी दोन भावांची गोष्ट अशी रंगवून सांगितली की सगळ्यांच्या डाळीच्या वाट्या हातातच राहिल्या. मेघना खूश. "काकू, आवडलेलं एखादं पान वाचून दाखवा ना." पुस्तक हातातच दिलं.
म्हटलं, चष्मा विसरले. सुधाताईंनी आपला काढला, "घे, आपला नंबर एकच आहे."
चार ओळी. दुसरीत अडले, तिसरीत भलतंच वाचलं, चौथी... मेघनाने पुस्तक हळूच काढून घेतलं. "ताईंचा चष्मा लागत नसेल काकूंना."
तिला कळलं. हसली असती तर मी भांडले तरी असते. फार लाज वाटली. फार.

६ एप्रिल
चारही खोडली. पुस्तकं चांगलीच होती, कपाटात मानाने राहतील. पण मी कबूल केलं होतं ते हे नव्हे. छप्पन्न वर्षांची झाले, आईची भाषा मला वाचता आली पाहिजे. चोवीस गेली खड्ड्यात. एक. तेच, पहिल्या पानापासून, रोज अर्धं-एक पान, मोठ्याने.

१९ जून
पान ५१. मी वाचते तेव्हा शि. पेपर धरून बसतात, पण अर्धा तास त्यांचं पान काही उलटत नाही.
"पुढे?"
"उद्या."
"अगं पण धाकटा विहिरीवर गेला कशाला?"
"मला माहितीये. नाही सांगणार."
काय तोंड झालं होतं!

२७ सप्टें.
गणपतीत पाहुणे, दहा दिवस पुस्तकाला हात नाही. वाटलं, आता परत अडणार. आज अडीच पानं सलग! मधे दोन शब्द अडले, शि.ना विचारले, त्यांनाही येईनात. सोडून पुढे गेले. मराठीतला थोरला हिंदीतल्यापेक्षा जास्त भडकू आहे, मला हाच आवडतो. भेंडी करपली. करपू दे.

३१ डिसें., संध्याकाळ
ग्रुपवर मेघनाने विचारलं, कुणाची किती झाली? सुधाताई नऊ. कुणी बारा, कुणी चौदा. मग मला एकटीला मेसेज, "काकू, तुम्ही नाही लिहिलंत तरी चालेल."
पोर गुणी आहे. पण आता तिने माझ्यासाठी अजून किती झाकायचं?
ग्रुपवरच लिहिलं. "चोवीस ही फुशारकी होती. चैत्रात सांगितलेली गोष्ट मी हिंदीत वाचली होती. मराठीत आजवर एकही पुस्तक पुरं झालेलं नाही. पहिलंच चालू आहे, ५८ पानं बाकी." पाठवून टाकलं. इतकं हलकं वाटलं की काय सांगू.
फोन टणटण वाजतोय. शि. म्हणाले, "बघ तरी काय म्हणतायत."
म्हटलं, आधी आजचं पान.