स्वार्थाचे चौदा दिवस

५ जानेवारी
सात रस्त्याजवळच्या वाचनालयात १८ तारखेला, रविवारी संध्याकाळी पाचला माझं व्याख्यान. आयुष्यातलं पहिलं. विषय: 'कादंबरीतले खलनायक आणि स्वार्थाचं तत्त्वज्ञान'. त्यासाठी जाडजूड पुस्तक आणलं. सार पहिल्याच पानावर: दुसऱ्यासाठी जगू नका. दुसऱ्याला आपल्यासाठी जगायला लावू नका. पहिल्या वाक्याखाली लाल रेघ मारली. आजपासून अंमल.

७ जानेवारी
मोठा शोध! खलनायक स्वार्थी नसतातच. चाळीस गुंड पोसतात, एक दिवस रजा नाही, शेवटी हिरोला सगळा प्लॅन नीट समजावून सांगतात. ही तर समाजसेवा. खरा स्वार्थी माणूस दुपारी झोपेल. बायकोला, शिवलीलाला, चहा आणायला सांगून हे ऐकवलं. म्हणाली, मग तुमी बी खलनायकच की, गल्लीचे सगळे फॉर्म फुकट भरता! तिला तत्त्वज्ञान कळत नाही.

९ जानेवारी
शेजारचे हिंदुराव गॅसचा फॉर्म घेऊन आले. ठाम नकार दिला. ते बसूनच राहिले. शेवटी भरून दिला, कारण माझा वेळ वाचला. शुद्ध स्वार्थ.

१४ जानेवारी, संक्रांत
व्याख्यान डोक्यात तयार. शिवलीलाला म्हटलं, मी सांगतो, तू लिहून घे. लिहिलं. पुस्तकही मागून घेतलं.

१६ जानेवारी
तिचं पुस्तक वाचून संपलं! मी पान चाळीसवर. हिंदुरावांनी रविवारी दुपारी शेतावर हुरड्याला बोलावलंय. व्याख्यान पाचला, तोवर आरामात परत येईन. शिवलीला म्हणाली, मी येनार न्हाय, मला माजं काम हाय. उत्तम. मला जास्त मिळेल.

१८ जानेवारी, संध्या. ७:३०
डाव्या हाताने लिहितोय.
पहिला गरम हुरडा आपल्याला मिळावा म्हणून आगटीला चिकटून बसलो. जो आगटीशी बसतो तोच सगळ्यांना कणसं चोळून देतो, हे विसरलो. पंचवीस माणसं. हिंदुराव सारखे म्हणत होते, सायेब, हितं अजून एक पसाभर द्या की! तळहाताला फोड. मला उरली शेंगाचटणी.
वाचनालयात पोचलो पावणेसहाला. माझ्या जागी शिवलीला बोलत होती. खलनायक पहिलं वाक्य वाचतो, दुसरं सोडतो, म्हणाली. सगळ्यांना आपल्यासाठी राबवतो. आमच्या घरी असा एक हाय, त्याला चहा बी जाग्यावर लागतो. लोक लई हसले. मीही हसलो, कोण ते कळेपर्यंत. मग फार लाज वाटली.
घरी विचारलं, असं का केलंस? म्हणाली, माज्या स्वार्थासाठी. मी चहा मागितला. तिने पुस्तकाचं पहिलं पान उघडून समोर ठेवलं.

८:१०
साखर सापडली. चहापत्ती कुठे असते ते विचारणार नाही.

८:४०
विचारलं.