थोरलीचा दुसरा कान

४ फेब्रुवारी

दोन रेघा! पक्क्या, ठळक. नवऱ्याला दाखवल्या तर हा बाथरूमच्या दारातच मटकन खाली बसला. मग हळूच म्हणाला, "कुणाला सांगायचं?" कुणाला म्हणजे? कुणालाच नाही! मागे दोनदा सांगून बसलो. सांगणं सोपं असतं. नंतर एकेकाला फोन करून "नाही राहिलं" म्हणताना जीभ उचलत नाही. दुसऱ्या वेळी तर आईच आधी रडायला लागली आणि मीच तिची समजूत घालत बसले. आता कानाला खडा. तिसरा महिना सरेपर्यंत एक अक्षर नाही.

६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी हार्मोनचं जेल दिलंय, गर्भ टिकावा म्हणून. रोज सकाळी बोटाने लावायचं. आज लावलं आणि प्रयोगशाळेत गेले. थोरलीचे थर कापले.

थोरली म्हणजे आमची देवमाशाची मादी. गेल्या वर्षी किनाऱ्याला लागली. एकटीच. का आली, कुणालाच कळलं नाही. डोकं कापून घेईपर्यंत धड लाटांनी परत ओढून नेलं, आमच्या हाती डोकंच लागलं. त्यातून बाईंनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, दोन्ही कानांतला मळ काढला. वीतभर लांब खुंट. वास असा की डबा उघडला की भूकच मरते! देवमासा जन्मभर कान साफ करत नाही, थरावर थर चढत जातात. भरपेट दिवसांचा फिका, उपासाचा काळपट. तिच्या रक्तात जे जे होतं ते त्यात साठलेलं. कधी घाबरली, कधी दिवस गेले, सगळं. डावा कान माझ्याकडे आहे, गेला महिनाभर कापतेय. आतून बाहेर कापत जायचं, जन्माकडून मरणाकडे.

हातमोज्यांत बोटाला थर कळत नाही, चुरा होतो. म्हणून कापताना मोजे काढायचे. बाईंनीच शिकवलंय, सगळे तसंच करतात.

११ फेब्रुवारी

मळमळ. आणि दिवसभर थोरलीचा वास. वा!

दुपारी टेबलावर डोकं टेकलं तर डुलकी लागली. मी पाण्यात होते. खाली निळं, वर निळं, मधे मी तरंगतेय. कुठेतरी लांब कुणीतरी घुमल्यासारखं गात होतं आणि ते कानाला नाही, पोटाला ऐकू येत होतं. जाग आली तेव्हा गालावर पट्टीची खूण. उठावंसं वाटेना.

१४ फेब्रुवारी

आईचा फोन. "आवाज का असा?" म्हणे. सर्दी सांगितली.

२० फेब्रुवारी

यंत्रोबा धावत आला. (नमुने तपासायचं मशीन चालवतो म्हणून यंत्रोबा. त्यालाही आवडतं.) "अहो, तुमची थोरली तर बारा महिने तेरा काळ पोटुशी!" खरंच! लहानपण सपाट, आणि तरुण झाली तेव्हापासून मरेपर्यंत गर्भाचं हार्मोन नुसतं उंच. बाई कागद हातात घेऊन उभ्याच राहिल्या. "असं कुणीच पाहिलेलं नाही ग!" पुढच्या महिन्यात परिषद आहे, तिथे मांडायचं म्हणाल्या.

मलाही किती आनंद! रात्री परत तेच पाणी. थोरली शेजारून गेली, एवढी मोठी, आणि एवढी सावकाश.

२१ फेब्रुवारी

सकाळी जेलची नळी हातात घेतली आणि तशीच उभी राहिले.

हेच हार्मोन. माझ्या बोटावर. कामावर गेल्या गेल्या पाहिलं: आलेखाची रेघ कुठून उंच होते? सहा तारखेला कापलेल्या थरापासून. देवा! ते थोरलीचं नाहीच. माझं आहे.

२३ फेब्रुवारी

नुसतं "नमुने बिघडले" म्हणावं? बाई विचारणारच, कशाने. नवरा म्हणतो, "सांगून टाक, एवढं काय त्यात?" तुझं काय जातंय रे बोलायला! बाईंना सांगितलं की यंत्रोबाला कळणार, मग सगळ्या मजल्याला. आणि परत तेच झालं तर? त्या सगळ्यांच्या तोंडाकडे मी कशी बघू? रडले. जेवले नाही. मग बाळासाठी जेवले.

बाईंनी आज परिषदेसाठीच्या निबंधाचा पहिला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. किती सुंदर लिहितात. आणि सगळं खोटं.

२५ फेब्रुवारी

सांगितलं.

बाईंनी माझ्या बोटांकडे बघितलं. मला वाटलं आता फाडून खाणार! तर म्हणाल्या, "तिसरी वेळ ना ही? बस आधी." त्यांच्या लक्षात होतं! मग स्वतःवरच चिडल्या. "मोजे काढा, मोजे काढा, मीच सांगत आले सगळ्यांना. घ्या आता!" परिषदेला नाही म्हणून कळवलं. वर मलाच म्हणतात, "दुसरा कान आहे की तिचा. तो मी कापते."

यंत्रोबाला फक्त "नमुन्यात चूक झाली" एवढंच सांगितलं. पण संध्याकाळी बघते तर थोरलीचा डबा माझ्या टेबलाजवळून उचलून पार खिडकीपाशी ठेवलेला. कळलंय त्याला. कळू दे!

१२ मार्च

ठोका ऐकला! शिलाई मशीन भरभर टाके घालतं ना, तसा. नवरा डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "परत एकदा लावा ना." त्यांनी लावला.

बाहेर येऊन पायरीवर बसले आणि आईला फोन केला. खडा गेला खड्ड्यात! आई म्हणाली, "मला ठाऊक होतं. महिनाभर तुझी सर्दी हटेना, तेव्हाच ओळखलं." आणि आम्ही दोघी एकदमच रडलो.

१९ मार्च

उजव्या कानाचा निकाल आला. सगळं सपाट. मधेच दोनदा उंच, म्हणजे तिची दोन पिल्लं. यंत्रोबा म्हणाला, "बघा, तुमचा हात लागला नाही तर कशी शहाण्यासारखी वागते!" हसलो सगळे. मग बाईंनी कागदाच्या टोकावर बोट ठेवलं. अगदी बाहेरचा, मरणाआधीचा, अर्धाच राहिलेला थर. उंच. दोनदा तपासला. बाईंनी मोजे घालून कापलाय.

या वेळी ते माझं नव्हतं. थोरली एकटी आली नव्हती.